चेतापेशीला जिवंत ठेवणारा विषाणू

रेबीजने दगावलेल्या माणसाच्या मेंदूचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा : हा माणूस गेला कशाने? जपानी मेंदूज्वरात किंवा हर्पीसमुळे झालेल्या मेंदूदाहात पेशी मेलेल्या दिसतात, सूज दिसते, पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. रेबीजच्या मेंदूत यातलं बरंचसं नसतं. दाह असतो, पण मृत्यूच्या मानाने फारच थोडा. चेतापेशी बहुतेक जागच्या जागी असतात, त्यांचा आकारही शाबूत असतो. फक्त काही पेशींच्या आत गोल किंवा लांबट, गुलाबी रंग घेतलेले ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांकडे आपण पुढे वळणारच आहोत.

एकदा लक्षणं सुरू झाली की जवळजवळ प्रत्येक रुग्ण दगावतो, इतका मारक असा दुसरा संसर्ग सापडणं कठीण. सुश्रुतसंहितेतही पाण्याची भीती हे रोगी वाचणार नसल्याचं लक्षण म्हणून नोंदलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात. भारतातला आकडा वर्षानुवर्षं २०,०००च्या आसपास धरला जात होता. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या, घरोघर जाऊन केलेल्या देशव्यापी पाहणीवर आधारित अंदाजात तो सुमारे ५,७०० पर्यंत खाली आला. खाली आला हे चांगलंच. पण यातला जवळजवळ प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा होता.

एवढा मारक रोग आणि मेंदूत मात्र एवढी कमी नासधूस, हे कोडं सुटायला सुरुवात झाली ती गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत, विषाणूची प्रथिनं आणि आपल्या पेशींची प्रथिनं एकमेकांना नेमकी कुठे भिडतात हे कळू लागल्यावर. या विषाणूला चेतापेशी मारायचीच नसते. ती जिवंत, कामात आणि गप्प राहण्यातच त्याचा फायदा असतो, आणि त्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी कामं तो आपल्याच प्रथिनांकडून करून घेतो.

त्याच्याकडचं स्वतःचं भांडवल तुटपुंजं आहे. एका टोकाला गोलसर, दुसऱ्या टोकाला सपाट असा हा विषाणू सुमारे १८० नॅनोमीटर लांब आणि ७५ नॅनोमीटर जाड असतो. असे साडेपाच हजार विषाणू एकापुढे एक ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. आत आरएनएचा एकच धागा, साधारण १२,००० अक्षरांचा. त्यावर पाच जनुकं आणि त्यांची पाच प्रथिनं. शास्त्रज्ञ त्यांना एन, पी, एम, जी आणि एल अशा अक्षरांनीच ओळखतात. एन हे प्रथिन आरएनएला झाकून ठेवतं, त्याचा एकेक रेणू नऊ-नऊ अक्षरं कवेत घेतो. एल हे आरएनएच्या प्रती काढणारं अवाढव्य विकर आहे आणि पी त्याचा मदतनीस. एम आतून आकार देतं. जी हे एकटंच बाहेर, मेदाच्या आवरणावर काट्यांसारखं उभं असतं. आपल्या जनुकसंचात प्रथिनं घडवणारी जनुकं वीस हजारांच्या घरात आहेत. त्यांच्यासमोर ही पाच.

कुत्रा चावतो तेव्हा लाळेतून विषाणू स्नायूत आणि कातडीखालच्या ऊतींमध्ये उतरतो. तिथून त्याला चेतातंतूच्या टोकात शिरायचं असतं, आणि त्यासाठी पहिला संबंध जुळतो तो जी प्रथिनाचा. कशाशी जुळतो याचा पहिला भक्कम सुगावा १९८२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात थॉमस लेंट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लागला. उंदराच्या श्वासपटलात जिथे चेतातंतू स्नायूला भेटतो, नेमका तिथे विषाणू गोळा होताना त्यांना दिसला. त्या जागी असिटिलकोलिन या संदेशवाहक रेणूला धरणारी ग्राही प्रथिनं दाटीवाटीने असतात. मग त्यांनी त्या ग्राहींवर आधीच सापाचं विष बसवलं. मण्यारीच्या कुळातल्या सापांच्या विषात असिटिलकोलिनची जागा घट्ट अडवून बसणारं एक प्रथिन असतं. मण्यार चावलेल्या माणसाचे श्वासाचे स्नायू लुळे पडायला अशीच विषं कारण होतात. ते विष आधी जाऊन बसलं, की विषाणूला चिकटायला जागा कमी उरते, असं दिसून आलं.

पुढची गोष्ट त्याहून विलक्षण आहे. १९८४ साली याच गटाने जी प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम सापांच्या विषांच्या क्रमाशी ताडून पाहिला. एक छोटा पट्टा दोन्हीकडे लक्षणीयरीत्या सारखा निघाला. साप आणि विषाणू यांचं काही नातं नाही. दोघांनाही आपल्या शरीरातल्या एकाच प्रथिनाच्या एकाच खाचेत बसायचं होतं, आणि उत्क्रांतीने दोघांनाही तोच आकार शिकवला. साप त्या खाचेत बसून स्नायू बंद पाडतो. विषाणू तिथे बसून आत जायची वाट मिळवतो. आणि हाच पट्टा पुढे मेंदूत गेल्यावर काय करतो ते आणखी अस्वस्थ करणारं आहे.

असिटिलकोलिनचा ग्राही सापडला तेव्हा दार सापडलं असं वाटणं साहजिक होतं. पण १९९८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी आणखी दोन ग्राही दाखवून दिले : चेतापेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं एनकॅम आणि चेतावर्धक रेणूंचा संदेश घेणारं पी-७५. २०१८ साली ग्लुटामेटचा एक ग्राही या यादीत आला. यांतला एखादा ग्राही नसलेले उंदीर घेऊन संशोधकांनी तपासणी केली, तर रोग कधी लांबला, कधी काहीसा मर्यादित राहिला, पण थांबला नाही. माझ्या मते या अपयशातूनच बरंच शिकायला मिळालं. एकाच प्रथिनावर विसंबून राहिलेला विषाणू एखाद-दुसऱ्या प्राण्यापुरता मर्यादित राहिला असता. हा मात्र कुत्र्यात, कोल्ह्यात, वटवाघळात, गाईत आणि माणसात सारख्याच सहजतेने शिरतो. अनेक ग्राही हाताशी असणं हे त्यामागचं एक कारण असणार.

चिकटलेल्या विषाणूला पेशी स्वतःच आत घेते. पेशीपटलाचा खळगा होतो, तो तुटून आत एक पिशवी तयार होते. अशा पिशव्या आत घेतलेल्या मालाची वासलात लावण्यासाठी हळूहळू आम्लधर्मी होतात. विषाणू याच आम्लाची वाट पाहत असतो. सामू ६.३च्या खाली गेला की जी प्रथिन आपला आकार पालटतं, विषाणूचं मेदाचं आवरण पिशवीच्या पटलात मिसळवतं आणि आतला आरएनए पेशीद्रवात मोकळा होतो.

पण त्याआधी एक मोठा प्रवास आहे. पायाला चावा बसला असेल तर चेतातंतूचं टोक पोटरीत असतं आणि त्या पेशीचा मुख्य भाग पाठीच्या कण्यात किंवा त्याच्या शेजारी. मध्ये एक मीटरभर अंतर. आरएनएच्या प्रती काढायला लागणारी यंत्रणा मुख्य भागात. चेतातंतूमध्ये सूक्ष्मनलिका असतात आणि त्यांच्यावरून माल वाहून नेणारी प्रथिनं असतात. टोकाकडून मुख्य भागाकडे नेणारं प्रथिन म्हणजे डायनीन. विषाणू डायनीनच्या जोरावर वर चढतो, याबद्दल शंका नव्हती. तो डायनीनला पकडतो कसा, हा प्रश्न होता.

२००० साली दोन स्वतंत्र गटांनी उत्तर जाहीर केलं. विषाणूचं पी प्रथिन डायनीनचा एलसी-८ नावाचा छोटा घटक घट्ट धरतं. किती नेटकं उत्तर! आवरण गळून पडतं, उघडा आरएनए पी प्रथिनासह राहतो, पी डायनीनला धरतं आणि सगळा संच वर ओढला जातो. ही कल्पना सुंदर होती, तर्काला धरून होती, आणि चुकीची निघाली. पी प्रथिनातला एलसी-८ धरणारा तुकडाच कापून टाकलेले विषाणू तयार करण्यात आले. ते उंदराच्या मेंदूपर्यंत पोहोचलेच. मग तो तुकडा पी प्रथिनात जपलेला का? तर एलसी-८ धरल्याने विषाणूचं प्रती काढण्याचं काम चांगलं चालतं, असं २००७ साली दिसलं. तो तुकडा काढलेला विषाणू मेंदूत पोहोचतो, पण तिथे त्याचं काम रखडतं. म्हणजे आपल्या वाहतूक खात्यातलं एक प्रथिन विषाणूने छपाईच्या कामाला लावलं होतं. प्रथिनांचे संबंध शोधणाऱ्या प्रत्येकाने ही हकिगत लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं : दोन प्रथिनं एकमेकांना धरतात एवढं दाखवणं पुरेसं नसतं, ती का धरतात हे जिवंत प्राण्यात तपासावं लागतं.

वाहतुकीचं श्रेय शेवटी जी प्रथिनाकडे गेलं. दुसऱ्याच एखाद्या विषाणूच्या आवरणावर रेबीजचं जी बसवलं, तर तोही चेतातंतूतून उलटा वर चढू लागतो. विषाणू आवरणासकट, पिशवीत बसूनच प्रवास करतो. २०१४ साली तेल अवीव विद्यापीठातल्या एरन पर्लसन यांच्या गटाने हा प्रवास प्रयोगशाळेत वाढवलेल्या चेतातंतूंमध्ये प्रत्यक्ष पाहिला. पी-७५ ग्राहीबरोबर निघालेला विषाणू, त्याच ग्राहीला चिकटून जाणाऱ्या चेतावर्धक रेणूपेक्षा जलद जात होता आणि वाटेत कमी थांबत होता. नेहमीच्याच वाहनाचा वेग त्याने वाढवला होता.

दिवसाला पाच ते दहा सेंटिमीटर हा या वाहतुकीचा साधारण वेग धरला, तर पायापासून कण्यापर्यंत दहा ते वीस दिवस लागतील. प्रत्यक्षात लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने जातात, क्वचित वर्षाहून अधिक काळ. उरलेला बराच वेळ विषाणू चाव्याच्या जागेजवळ, चेतातंतूत शिरण्याआधी, रेंगाळलेला असतो असं मानलं जातं. त्या काळात जी प्रथिन उघड्यावर असतं. लस घ्यायला जो अवधी मिळतो, तो या रेंगाळण्यामुळेच मिळतो.

आता ते गुलाबी ठिपके. १९०३ साली इटलीतल्या पाव्हिया इथे अॅडेल्की नेग्री या तरुण वैद्यकाने ते पाहिले आणि रोगाला कारण होणारा आदिजीव आपल्याला सापडला, असं त्यांना वाटलं. आदिजीव नव्हता तो, पण नेग्री पिंड हे नाव टिकलं आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या प्रयोगशाळांनी मेलेल्या कुत्र्यांच्या मेंदूत हे पिंड शोधूनच रेबीजचं निदान केलं. विषाणूच्या प्रथिनांचा साचलेला गाळ, एवढीच त्यांची किंमत बराच काळ केली गेली. २००९ साली डॅनिएल ब्लाँडेल आणि इव्ह गोदाँ यांच्या फ्रान्समधल्या गटाने दाखवलं, की विषाणूचा आरएनए तयार होतो तो याच पिंडांच्या आत. २०१७ साली त्याच गटाने त्यापुढचं पाऊल टाकलं. या पिंडांना कुठलंही पटल नसतं. ते द्रवाचे थेंब असतात. आमटीवरच्या तवंगाचे दोन थेंब जवळ आले की एक होतात, तसेच हेही एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा गोल होतात. पेशीत नुसती एन आणि पी ही दोन प्रथिनं निर्माण केली तरी असे थेंब तयार होतात. त्यात आपली प्रथिनंही ओढली जातात. इतर प्रथिनांना नीट घडी पडावी म्हणून मदत करणारं एचएसपी-७० एन प्रथिनाजवळ या थेंबांत सापडतं, आणि ते अडवलं तर विषाणूची वाढ घटते. थेंबाचा आणखी एक फायदा असा, की विषाणूचा नवा आरएनए पेशीच्या पहारेकऱ्यांच्या नजरेआड तयार होऊ शकतो.

ते पहारेकरी कोण, हे समजून घ्यायला हवं, कारण रेबीजच्या कहाणीतली सर्वांत निर्णायक झटापट तिथे होते. आपल्या पेशीद्रवात रिग-वन नावाचं प्रथिन फिरत असतं. आपल्या स्वतःच्या आरएनएची टोकं झाकलेली किंवा छाटलेली असतात. विषाणूच्या आरएनएच्या एका टोकाला तीन फॉस्फेट उघडे राहतात. रिग-वन तेच ओळखतं. २००६ साली हे ज्या संशोधनातून स्पष्ट झालं, त्यात प्रयोगासाठी रेबीजचाच विषाणू वापरला होता. रिग-वनने धोका ओळखला की एकामागून एक प्रथिनं जागी होतात, आयआरएफ-३ नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट लागतो, ते केंद्रकात जातं आणि इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं. इंटरफेरॉन पेशीबाहेर पडतं, स्वतःच्या आणि शेजारच्या पेशींवरच्या ग्राहींना भिडतं. त्या पेशींमध्ये स्टॅट-१ आणि स्टॅट-२ या प्रथिनांना फॉस्फेट लागतो, ती केंद्रकात शिरतात आणि विषाणूविरोधी शेकडो जनुकं एकदम कामाला लागतात.

विषाणूचं पी प्रथिन ही साखळी दोन ठिकाणी तोडतं. म्युनिकमधल्या कार्ल-क्लाउस कॉन्झेलमान यांच्या गटाने २००५ साली दाखवलं, की पी प्रथिन आयआरएफ-३ला फॉस्फेट लागू देत नाही, म्हणून इंटरफेरॉन तयारच होत नाही. ते शेजारच्या एखाद्या पेशीत तयार झालंच, तर पी प्रथिन स्टॅट-१ आणि स्टॅट-२ यांना पेशीद्रवातच धरून ठेवतं. इथे एक बारकावा आहे. अनेक विषाणू स्टॅट प्रथिनं नष्ट करून टाकतात. रेबीजचं पी तसं करत नाही. ते स्टॅटला फॉस्फेट लागेपर्यंत थांबतं आणि मग, म्हणजे ते केंद्रकाकडे निघण्याच्या बेतात असताना, त्याला धरतं. निष्क्रिय स्टॅटवर वेळ न घालवता फक्त कामाला निघालेलं स्टॅट अडवायचं. पेशीत उलथापालथ होत नाही आणि इशारा मात्र दाबला जातो.

हे एवढंसं, २९७ अमिनो आम्लांचं प्रथिन किती कामं करतं याची कल्पना येण्यासाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पी प्रथिनाचा संदेश वाचताना आपले रायबोसोम कधी पहिल्या आरंभखुणेपासून सुरुवात करतात, तर कधी ती ओलांडून पुढच्या खुणेपासून. त्यामुळे एकाच जनुकापासून पीच्या पाच आवृत्त्या तयार होतात, प्रत्येक मागच्यापेक्षा आखूड. लांब आवृत्ती केंद्रकातून बाहेर राहते. आखूड आवृत्त्या केंद्रकात शिरतात आणि तिथेही स्टॅटला गाठतात. एक आखूड आवृत्ती सूक्ष्मनलिकांना चिकटते.

या सगळ्याचं रोगात किती वजन, हे जपानमध्ये तयार झालेल्या विषाणूंच्या एका जोडीवरून कळतं. निशिगाहारा हा वाण उंदरांना मारतो. त्याला कोंबडीच्या गर्भपेशींमध्ये पुनःपुन्हा वाढवून तयार केलेला एनआय-सीई हा वाण प्रौढ उंदरांना मारत नाही. दोघांच्या पी प्रथिनातल्या फरकामुळे एनआय-सीईला स्टॅट नीट अडवता येत नाही, आणि इंटरफेरॉनला वाट मिळते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या आणि जपानमधल्या संशोधकांनी मिळून पी प्रथिनावरची स्टॅट धरणारी जागा शोधून काढली, तेवढीच बदलली, आणि २०१४ साली दाखवून दिलं, की त्या विषाणूची मारकता उंदरांमध्ये कोसळते. बाकी सगळा विषाणू तोच. एक पकड सैल झाली आणि जीवघेणा रोग आटोक्यात आला.

इतकं झालं तरी पेशीजवळ एक अखेरचा उपाय असतो. संसर्ग झालेली पेशी स्वतःचा अंत घडवून आणू शकते. तिच्याबरोबर विषाणूही संपतो. कातडीची किंवा यकृताची पेशी गेली तर नवी येते. चेतापेशीला ती चैन नाही, पण लस बनवण्यासाठी सौम्य केलेले रेबीजचे काही वाण चेतापेशीत शिरले की ती खरोखरच मरते. रस्त्यावरचे मारक वाण शिरले की ती जगते. ही उलटी संगती नीट लक्षात घ्यावी. सौम्य विषाणू पेशी मारतो, म्हणून पुढे जाऊ शकत नाही, आरडाओरडा होतो, संरक्षण यंत्रणा धावून येते. मारक विषाणू पेशी जगवतो, म्हणून माणूस मरतो.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मोनिक लाफाँ आणि क्रिस्तोफ प्रेओ यांनी २०१० साली या फरकाचं मूळ जी प्रथिनाच्या शेपटाच्या अगदी टोकाला शोधलं. जीचा बहुतेक भाग आवरणाबाहेर असतो, पण त्याचं शेपूट पेशीद्रवात उतरतं. त्याची शेवटची चार अमिनो आम्लं आपल्या पेशीतल्या मास्ट-२ नावाच्या प्रथिनाला धरतात. एरवी मास्ट-२ची जोडी जमते ती पीटेन या प्रथिनाशी. ही जोडी चेतापेशीच्या जगण्यावर आणि तिचे तंतू वाढण्यावर लगाम ठेवते. मारक वाणाच्या जीचं शेपूट मध्ये घुसून मास्ट-२ला पीटेनपासून तोडतं. लगाम सुटतो, जगण्याचे संदेश जोरात चालू होतात, पेशी तगून राहते. सौम्य वाणात शेवटच्या चारांपैकी एकाच अमिनो आम्लाचा फरक असतो. त्या फरकामुळे शेपूट मास्ट-२ बरोबर इतरही प्रथिनांना धरू लागतं आणि पेशी मृत्यूच्या वाटेला लागते. ग्लुटामिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल, एवढाच बदल. एखाद्या विषाणूचं भवितव्य, आणि माणसाचंही, एका अमिनो आम्लावर अवलंबून असल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण माझ्या वाचनात दुसरं नाही.

पेशीबाहेरूनही मदत येऊ नये अशी व्यवस्था होते. शिकारी टी-पेशी मेंदूत पोहोचल्या, तर संसर्ग झालेल्या भागातल्या पेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल-१ हे प्रथिन मांडतात. एरवी हे प्रथिन टी-पेशींना आवर घालतं. कर्करोगाच्या गाठीही याचाच आधार घेतात, आणि त्यावरची औषधं आता सर्वपरिचित आहेत. रेबीजमध्ये शिकारी पेशी स्वतःच मरून जातात. शिवाय मारक वाणांच्या संसर्गात रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर बंदच राहतो, त्यामुळे रक्तातली प्रतिपिंडंही आत पोहोचत नाहीत.

एम प्रथिनाचं काम थोडक्यात सांगता येईल. ते आपल्या पेशीच्या प्रथिननिर्मितीतल्या एका घटकाला धरून ती मंदावतं. तसंच पेशीपटलाचे बुडबुडे तोडणाऱ्या आपल्या यंत्रणेला जवळ ओढून नव्या विषाणूंना बाहेर पडायला मदत करतं.

मग माणूस मरतो कशाने? पेशी जिवंत असतात, पण त्यांचं काम बिघडतं. पी प्रथिन तंतुकणिकांमधल्या ऊर्जानिर्मितीच्या साखळीत, तिच्या पहिल्याच संकुलात ढवळाढवळ करतं आणि त्यातून पेशीला जाचणारे ऑक्सिजनचे घातक रेणू वाढतात, असं कॅनडातल्या ॲलन जॅक्सन यांच्या गटाने दाखवलं आहे. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं यांचं नियंत्रण करणारी मस्तिष्कस्तंभातली केंद्रं विस्कळीत होतात. पाण्याचा घोट घेताना घशाचे आणि श्वासपटलाचे स्नायू आवळतात, आणि त्या वेदनेतून पाण्याची धास्ती बसते.

वागणुकीतल्या बदलाबद्दल मात्र २०१७ साली अलास्कातल्या कार्स्टन ह्युफर यांच्या गटाने एक महत्त्वाचा प्रयोग केला. जी प्रथिनातला तो सापाच्या विषासारखा पट्टा त्यांनी सुटा करून उंदरांच्या मेंदूत सोडला. विषाणू नाही, संसर्ग नाही, फक्त तो पट्टा. उंदीर कमालीचे सैरभैर धावू लागले. मेंदूतही असिटिलकोलिनचे ग्राही असतात आणि हा पट्टा त्यांना अडवतो. पिसाळलेल्या कुत्र्याचं सैरावैरा धावणं आणि दिसेल त्याला चावणं, या मागे एवढं एकच कारण असेल असं म्हणणं घाईचं ठरेल. पण एकाच रेणूच्या एकाच खाचेने विषाणूला स्नायूजवळ आत घ्यायचं आणि मेंदूत पोहोचल्यावर प्राण्याचं वागणं बदलायला हातभार लावायचा, हा योग मन थक्क करतो. त्याच वेळी विषाणू चेतातंतूंमधून लाळग्रंथीत उतरलेला असतो, हेही विसरता येत नाही.

शास्त्रज्ञांनी या पकडींचा उपयोगही करून घेतला. जी प्रथिनातला २९ अमिनो आम्लांचा एक तुकडा वापरून २००७ साली प्रीती कुमार, मंजुनाथ स्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधी आरएनए शिरेतून उंदरांच्या मेंदूपर्यंत पोहोचवला. त्याच वर्षी एडवर्ड कॅलावे यांच्या प्रयोगशाळेत जीचं जनुक काढून टाकलेला विषाणू तयार झाला. तो ठरावीक चेतापेशीतून फक्त एकच पायरी मागे जातो आणि थांबतो. मेंदूतली कोणती पेशी कोणत्या पेशीला जोडलेली आहे, याचे नकाशे आज जगभर याच विषाणूच्या मदतीने काढले जातात.

उपचारांचा इतिहासही याच प्रथिनांच्या प्रकाशात वाचला पाहिजे. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांच्या मनातली दहशत होती. ती लस डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौलीला तयार केली होती. मेंढ्यांच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, तो फिनॉलने मारायचा आणि मेंदूसकट टोचायचा. विषाणूबरोबर मेंढीच्या चेतातंतूंवरच्या आवरणातली प्रथिनंही शरीरात जात. ती माणसाच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की काही रुग्णांच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं स्वतःच्याच चेतासंस्थेवर उलटत आणि लकवा येई. भारतात या लसीचं उत्पादन २००४च्या अखेरीस थांबलं. आता पेशीसंवर्धनात वाढवलेली लस दंडात किंवा कातडीत देतात, आणि ती शरीराला मुख्यतः जी प्रथिनाची ओळख करून देते.

लसीमुळे प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. तेवढ्यात विषाणू चेतातंतूत शिरू नये म्हणून खोल किंवा रक्त आलेल्या चाव्यांवर तयार प्रतिपिंडं जखमेतच टोचावी लागतात. ती पूर्वी घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढावी लागत आणि कायम अपुरी पडत. २०१७ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायॉलॉजिक्सच्या साथीने विकसित केलेलं, जी प्रथिनाच्या एका ठरावीक जागेला धरणारं एकच शुद्ध प्रतिपिंड बाजारात आणलं. आणि या सगळ्याच्याही आधी, वाहतं पाणी आणि साबण. विषाणूचं आवरण मेदाचं आहे; साबण ते विरघळवतो आणि जी प्रथिनाला उभं राहायला आधारच उरत नाही. जखम पंधरा मिनिटं धुणं हा प्रथमोपचार आहे. तिच्यावर हळद, चुना किंवा तिखट भरल्याने हा फायदा होत नाही, उलट जखम चिघळते आणि मोलाचा वेळ जातो.

लक्षणं सुरू झाल्यानंतरचं चित्र मात्र फार बदललेलं नाही. २००४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वटवाघूळ चावलेली पंधरा वर्षांची मुलगी, लस घेतलेली नसताना, वाचली. डॉक्टरांनी तिला औषधांनी दीर्घकाळ बेशुद्ध ठेवलं होतं. त्यानंतर तीच पद्धत इतरांवर वापरली गेली आणि बहुतेक वेळा अपयशी ठरली. त्या मुलीच्या शरीरात उपचार सुरू होण्यापूर्वीच तिची स्वतःची प्रतिपिंडं तयार झालेली होती, आणि मला तीच बाब अधिक महत्त्वाची वाटते. २०२३ साली अमेरिकी संशोधकांनी रेबीजच्या जवळच्या नात्यातल्या, ऑस्ट्रेलियातल्या वटवाघळांमध्ये आढळणाऱ्या विषाणूवर काम करताना दाखवलं, की विषाणू उंदरांच्या मेंदूत पोहोचून लक्षणं सुरू झाल्यावरही जी प्रथिनाविरुद्धच्या एका प्रतिपिंडाचा एकच डोस त्यांना वाचवू शकतो. हे प्रतिपिंड अडसर ओलांडून मेंदूत फारसं शिरत नव्हतं. ते बाहेर राहून शरीराच्या प्रतिसादाची दिशा बदलत होतं, आणि मेंदूतलं काम उंदरांच्या स्वतःच्या टी-पेशी करत होत्या. सीडी-४ प्रकारच्या टी-पेशी काढून टाकल्या, तेव्हा त्याच डोसचा उपयोग झाला नाही.